उचल, फेलोशिप आणि पगार

स्वीडनमधल्या तंत्रविद्यापीठात पीएचडीची जागा निघते ती नोकरीची जाहिरात होऊन. प्रवेशाची सूचना असा तिचा थाट नसतो. स्टॉकहोमची केटीएच ही 1827 मध्ये स्थापन झालेली संस्था घ्या, गोथेनबर्गचे चाल्मर्स घ्या, किंवा उत्तर ध्रुववृत्ताच्या जवळचे लुलेओ विद्यापीठ घ्या, जाहिरातीचा साचा थोड्याफार फरकाने एकच. संशोधनाचा विषय काय, तो कोणत्या प्रकल्पाचा भाग आहे, उमेदवाराला काय यायला हवे, काम कोणाच्या हाताखाली करायचे, नेमणूक किती वर्षांची, अर्जाची शेवटची तारीख कोणती आणि कर्मचारी संघटनेत शंका कोणाला विचारायची, हे सगळे त्यात असते. पगार महिन्याचा, साधारण 30 ते 40 हजार क्रोनरच्या दरम्यान, आणि त्यावर इतर नोकरदारांसारखाच कर. पीएचडीला शिकवणी शुल्क नाही, मग उमेदवार कोणत्याही देशाचा असो. आपल्याकडे या जागांची चर्चा होते ती क्रोनरचे रुपये करून, आणि गुणाकार संपला की चर्चाही संपते. तिथला आकडा मोठा आहे हे खरेच आहे, पण महागाईही मोठी आहे. आकड्यापेक्षा मोलाची गोष्ट वेगळी आहे. तिथे संशोधन हे काम मानले जाते आणि ते करणारा माणूस कामगार मानला जातो. बीडसारख्या जिल्ह्यातून संशोधक तयार व्हायचे असतील तर स्वीडनकडून घेण्यासारखे आहे ते हेच, असे या प्रकरणाचे म्हणणे आहे.

श्रम आणि मोबदला यांचे नाते बीडच्या माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातली लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या ऊसपट्ट्यात जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घ्यायची, टनावर मजुरी लागायची, आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की हिशेब व्हायचा. उचल फिटली तर सुटका, नाही तर अंगावर बाकी घेऊन पुढच्या वर्षी पुन्हा त्याच टोळीत. या व्यवहारात पैसा मिळत नाही असे नाही. पण तो कधी, किती आणि कोणत्या अटीवर मिळेल हे मजुराच्या हातात नसते. आजारपण, बाळंतपण, पाऊस, बंद पडलेला कारखाना, यांतल्या कशाचाही भार त्याच्याच अंगावर पडतो. पगाराचे तसे नाही. ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम येते, रजा कागदावर असते, आणि आजारपणाचा काही भार मालकालाही उचलावा लागतो. अशा घरातली मुलगी किंवा मुलगा एम.टेक.पर्यंत पोचतो तेव्हा घर त्याला पहिला प्रश्न विचारते तो हाच, की पुढची चार वर्षे घरात काय येणार? हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. तो घराच्या अर्थशास्त्राचा आहे आणि त्याला ज्ञानाच्या थोरवीने उत्तर देता येत नाही. त्याला उत्तर एकच, नेमणुकीचे पत्र.

स्वीडनमधल्या व्यवस्थेचे बारकावे म्हणूनच पाहण्यासारखे आहेत. पीएचडी म्हणजे चार वर्षांचे पूर्णवेळ काम, असे तिथल्या उच्चशिक्षणाच्या नियमांत धरलेले आहे. संशोधकाला शिकवणे किंवा विभागाचे इतर काम देता येते, पण ते त्याच्या वेळेच्या पाचव्या हिश्शाहून जास्त नाही, आणि जेवढा वेळ त्यात गेला तेवढी मुदत पुढे सरकते. म्हणून प्रत्यक्षात अनेकांची नेमणूक पाच वर्षांपर्यंत जाते. पहिली नेमणूक जास्तीत जास्त एक वर्षाची, मग दोन-दोन वर्षांपर्यंतची वाढ. आजारपण, अपत्यजन्म, इतकेच काय, संघटनेचे पद सांभाळण्यात गेलेला वेळही मुदतीत मिळवता येतो. प्रत्येकाची स्वतंत्र अभ्यासयोजना लेखी असते, तिच्यात संशोधकाची आणि विद्यापीठाची अशी दोघांचीही बांधिलकी लिहिलेली असते, आणि वर्षातून निदान एकदा ती तपासली जाते. मार्गदर्शक किमान दोन असतात. मार्गदर्शक बदलून मागितला तर तो बदलून द्यावा लागतो. कामाचे ठरावीक टप्पे ओलांडले की पगार वाढतो. शेवटी प्रबंधाचे जाहीर समर्थन होते. बाहेरच्या विद्यापीठातला एक जाणकार विरोधक म्हणून येतो आणि सगळ्यांसमोर प्रबंधाची चिरफाड करतो. प्रबंध या समर्थनाच्या तीन आठवडे तरी आधी लोकांसमोर ठेवलेला असतो. सरकारी विद्यापीठे सरकारी कार्यालयेच असल्यामुळे तिथे आलेले अर्जसुद्धा सार्वजनिक कागद मानले जातात. सरकारी कागद लोकांना पाहता यावेत हा कायदा त्या देशात 1766 पासून आहे.

आता आपल्याकडचे चित्र. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळाली तर जानेवारी 2023 पासून महिन्याला 37,000 रुपये आणि दोन वर्षांनंतर 42,000 रुपये मिळतात, शिवाय घरभाडे भत्ता. ही रक्कम वाईट नाही. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी विनाअनुदानित महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला ती मोठीच वाटेल. आयआयटीत पीएचडी करणाऱ्यांनाही एवढेच मिळते. अडचण रकमेची कमी आणि तिच्या स्वरूपाची जास्त आहे. फेलोशिप म्हणजे पगार नव्हे. तिला भविष्य निर्वाह निधी नाही, सेवेचा दाखला नाही, तारखेची हमी नाही. दर महिन्याला हजेरीची पुष्टी वर गेली नाही की पैसे अडकतात, उपयोगिता प्रमाणपत्र राहिले की आणखी अडकतात, आणि चार-सहा महिन्यांची थकबाकी ही इतकी नेहमीची गोष्ट झाली आहे की तिची तक्रार करणेही संशोधकांनी सोडून दिले आहे. राज्याच्या बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांच्या फेलोशिपसाठी अलीकडच्या वर्षांत संशोधकांना पुण्यात आणि मुंबईत आंदोलने करावी लागली. डिसेंबर 2023 मध्ये या फेलोशिपच्या चाळणी परीक्षेत 2019 च्या सेट परीक्षेचीच प्रश्नपत्रिका आली आणि ती परीक्षा रद्द करावी लागली. त्याच महिन्यात विधिमंडळाच्या नागपूर अधिवेशनात पीएचडी करून ही मुले करणार काय, असा प्रश्नही विचारला गेला. या सगळ्यामागे एकच समजूत आहे. संशोधक हा लाभार्थी आहे, आणि लाभार्थ्याला थांबायला सांगता येते.

शिष्यवृत्ती थांबली की ज्ञान थांबते याचा सर्वांत मोठा दाखला महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वीच पाहिला आहे. 1913 मध्ये भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि परतल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षे नोकरी करायची असा करार. सयाजीरावांचे औदार्य निर्विवाद आहे. त्यांच्यासारखा दुसरा संस्थानिक शोधून सापडणार नाही. तरीही 1917 मध्ये मुदत संपली तेव्हा लंडनमधला अभ्यास अर्धवट टाकून आंबेडकरांना परतावे लागले. मग बडोद्यातली अपमानाची नोकरी, सिडनहॅम महाविद्यालयातली प्राध्यापकी, स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत, मित्राकडून घेतलेले कर्ज, एवढे सगळे जुळले तेव्हा 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला पोचले आणि 1923 मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली. मधली वर्षे गेली ती बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे, पैसा दात्याच्या मुदतीला बांधलेला होता म्हणून. आंबेडकर परत जाऊ शकले ते त्यांच्या असामान्य जिद्दीमुळे. पण जी व्यवस्था चालण्यासाठी प्रत्येक संशोधकाजवळ आंबेडकरांइतकी जिद्द असावी लागते, ती व्यवस्थाच नव्हे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. स्वीडन श्रीमंत देश, लोकसंख्या मुंबईच्याही खाली, त्यांचे आपल्याला कसे जमणार? आक्षेप साधा आहे, पण तो इतिहास विसरतो. स्वीडनमध्येही पीएचडीचे विद्यार्थी पूर्वी अनुदानावर, कर्जावर, अर्धवेळ नोकरीवर दिवस काढत. कित्येकांचे प्रबंध दहा-दहा वर्षे रखडत. 1998 च्या सुधारणेने तिथे असा दंडक आला की संपूर्ण मुदतीची आर्थिक सोय असल्याशिवाय कोणालाही पीएचडीला घ्यायचे नाही. त्याचा पहिला परिणाम सुखाचा नव्हता. मानव्यविद्यांमध्ये नव्या प्रवेशांची संख्या घसरली आणि त्यावर टीकाही झाली. अनुदानाची पद्धत त्यानंतरही काही वर्षे रेंगाळली आणि हळूहळू मोडीत निघाली. म्हणजे स्वीडनने आधी श्रीमंत होऊन मग पगार दिले असे झालेले नाही. त्याने जागा कमी झाल्या तरी चालतील, पण घेतलेल्या माणसाला पूर्ण पोसायचे, असा निर्णय घेतला. हा निर्णय पैशाचा कमी आणि धोरणाचा जास्त आहे. आपल्याकडे सहा महिन्यांनी एकरकमी थकबाकी देण्यासाठी जेवढे पैसे लागतात, तेवढेच दर महिन्याच्या पाच तारखेला देण्यासाठी लागतात. उशिराने सरकारचा एक रुपयाही वाचत नाही. संशोधकाचे घरभाडे मात्र थकते, प्रयोगाचे साहित्य येत नाही, आणि हुशार माणूस स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत जाऊन बसतो.

दुसरा आक्षेप जास्त कडवट आणि जास्त विचार करण्याजोगा आहे. आपल्याकडच्या कित्येक पीएचडी नावापुरत्या असतात, त्यांना पगार देऊन काय साधणार? प्रबंधांचा दर्जा अनेक ठिकाणी घसरलेला आहे हे कोणीही प्रामाणिक प्राध्यापक नाकारणार नाही. पण तो का घसरला हे पाहू. नोंदणी केल्यावर संस्थेला पदरमोड करावी लागत नसेल तर नोंदणी वाढवण्यात संस्थेचे काहीच जात नाही. मार्गदर्शकाच्या नावापुढे संख्या वाढते, विद्यार्थ्याच्या नावापुढे डॉक्टर लागते, आणि दोघांनाही घाई नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 च्या नियमांत प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार अशी मर्यादा घातली, मुदतही तीन ते सहा वर्षे ठरवली. नियम योग्यच आहेत, पण नियमापेक्षा पगाराचा वचक जास्त. स्वीडनमधल्या प्राध्यापकाला एक संशोधक घ्यायचा तर चार-पाच वर्षांच्या पगाराची तरतूद आधी उभी करावी लागते. राष्ट्रीय संशोधन परिषदेकडे किंवा उद्योगाकडे प्रकल्प मांडून स्पर्धेत तो जिंकावा लागतो. इतक्या कष्टाने मिळालेल्या पैशावर तो कोणाच्याही शिफारशीचा माणूस घेणार नाही. पैसे मोजणाराच काम झाले का हे विचारतो. म्हणून पगार ही संशोधकाची चैन नसून दर्जाची चाळण आहे, असे मला वाटते.

तिसरा आक्षेप ज्ञानावर प्रेम असणाऱ्यांचा आहे. संशोधन नोकरी झाले की जिज्ञासा मरते. विषय मालकाचा, प्रश्न प्रकल्पाचा, संशोधक फक्त हात. यात तथ्य आहे. स्वीडनमध्ये अभियांत्रिकीच्या बहुतेक जागांचा विषय जाहिरातीतच ठरलेला असतो, आणि ज्याला स्वतःचा स्वतंत्र प्रश्न घेऊन जायचे आहे त्याला ती चौकट अरुंद वाटेल. पण अभियांत्रिकीचे संशोधन एकट्याने होत नाही. त्याला यंत्रे लागतात, चाचणीचे मंच लागतात, कारखान्यातली आकडेवारी लागते. प्रश्न बाहेरून आला म्हणून तो हलका ठरत नाही. गोथेनबर्गच्या एका कापड गिरणीत देखभालीचे काम पाहणाऱ्या स्वेन विंगक्विस्ट या अभियंत्याला यंत्रांची बेअरिंगे वारंवार निकामी होण्याचा त्रास होता. त्या त्रासातून आपोआप जुळून घेणारे बॉल बेअरिंग जन्मले आणि 1907 मध्ये एसकेएफ ही कंपनी उभी राहिली. तिचा कारखाना आज पुण्याजवळ चिंचवडलाही आहे. नोकरी करताना पडलेला प्रश्न जगभर पोचला तो असा. आणि आपल्याकडे बिनपगारी संशोधकाला जे स्वातंत्र्य आहे असे म्हणतात ते तरी कितपत खरे? मार्गदर्शकाच्या सहीवाचून ज्याचा महिना अडतो तो मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध निष्कर्ष मांडायला किती धजेल?

बीडला संशोधनाचे प्रश्न कमी आहेत म्हणून संशोधक कमी आहेत, असे तर कोणी म्हणूच नये. स्वीडनच्या उत्तरेचा नॉरबॉटन हा प्रांत देशाच्या सुमारे पाव भूभागावर पसरलेला, थंड, विरळ वस्तीचा, लोखंडाच्या खाणींवर जगणारा. त्याची लोकसंख्या अडीच लाखांच्या आसपास. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या 25 लाख 85 हजार होती, म्हणजे दसपट. त्या प्रांतात 1971 मध्ये लुलेओला तांत्रिक उच्चशिक्षणाची संस्था काढली गेली आणि 1997 मध्ये ती विद्यापीठ झाली. तिने विषय घेतले ते अंगणातले. खाणीमुळे जमीन खचत चालली म्हणून किरुना हे गावच हलवावे लागत आहे, तर खडकाच्या यांत्रिकीचा अभ्यास. खनिज वाहणारी रेल्वे बर्फात चालते आणि गोठलेली माती फुगून रूळ उचलते, तर रेल्वेमार्गाच्या देखभालीचा अभ्यास. याच लुलेओत 2020 मध्ये कोळशाऐवजी हायड्रोजन वापरून लोखंड काढण्याचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. बीडकडे स्वतंत्र विद्यापीठ नाही; अंबाजोगाईला आणि बीडला अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत आणि ती मुख्यतः पदवीपुरती. पण प्रश्न पाहा. अनेक दशकांच्या प्रतीक्षेनंतर सप्टेंबर 2025 मध्ये अहिल्यानगरहून बीडपर्यंत प्रवासी रेल्वे आली. पुढे परळीपर्यंतचा मार्ग जातो तो काळ्या मातीच्या मुलखातून, आणि ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. लुलेओत बर्फ जे करतो ते इथे पाणी करते. भरावाखालची काळी माती कशी आवरायची यावर चार वर्षे पूर्णवेळ काम करणारे दोन संशोधक या मार्गासाठी नेमले तर तो खर्च मार्गाच्या खर्चात दिसणारसुद्धा नाही.

परळीचे औष्णिक वीजकेंद्र हा त्याहून ठळक प्रश्न. 2013 मध्ये आणि पुन्हा 2015 मध्ये पाणी नाही म्हणून हे केंद्र बंद ठेवावे लागले. केंद्र सरकारने डिसेंबर 2015 मध्ये जुन्या औष्णिक केंद्रांसाठी पाणीवापराची कमाल मर्यादा ठरवली ती मेगावॉट-तासाला साडेतीन घनमीटर. परळीचा 250 मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला तर या मर्यादेत राहूनही तासाला 8 लाख 75 हजार लिटर पाणी लागते. यातले बहुतेक पाणी शीतमनोऱ्यातून वाफ होऊन जाते. हवेने थंड करण्याची पद्धत वापरली तर पाणी फार वाचते, पण उन्हाळ्यात हवा तापलेली असल्याने संचाची कार्यक्षमता घटते आणि खर्च वाढतो. मराठवाड्याच्या हवेत ओली आणि कोरडी पद्धत मिळून किती पाणी, किती वीज वाचेल, हा हिशेब कोणत्याही परदेशी पाठ्यपुस्तकात मिळणार नाही. तो इथेच, इथल्या तापमानाच्या नोंदी घेऊन करावा लागेल. बीड शहराजवळच्या खजाना विहिरीत सोळाव्या शतकात भुयारांनी पाणी आणून ते पुढे शेतांकडे नेले गेले. निजामशाहीतल्या त्या स्थापत्यकाराला भूजल आणि उतार यांचे जे ज्ञान होते ते कोणीतरी त्याला पोसले म्हणूनच वापरात आले.

मग मुले स्वीडनला जाऊन परतणारच नाहीत, तर बीडला काय मिळाले, हा आक्षेप उरतो. बीड हा स्थलांतराचा जिल्हा आहे. माणसे फडावर जातात, चाकण-रांजणगावच्या कंपन्यांत जातात, पुण्याच्या अभ्यासिकांत जातात. ती जातात याचे दुःख आपण क्वचितच करतो. प्रयोगशाळेत जाणाऱ्याच्या वेळी मात्र देशप्रेमाची आठवण होते. परतण्याची अपेक्षा रास्त आहे, पण परतलेल्याला बसायला जागा हवी. परदेशातून येणाऱ्या शास्त्रज्ञांसाठी रामानुजन फेलोशिपसारख्या योजना आहेत, पण त्या बहुतांशी आयआयटी, राष्ट्रीय प्रयोगशाळा, मोठी विद्यापीठे यांच्याच वाट्याला येतात. राज्य विद्यापीठांत आणि त्यांच्या संलग्न महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात आणि तासिकांवर भागवले जाते. ज्या गावाने कामाची जागाच ठेवली नाही त्याने माणूस आला नाही म्हणून रुसू नये.

मुलींच्या बाबतीत पगाराचे महत्त्व दुप्पट आहे. बालविवाहाचे प्रमाण राज्यात सर्वाधिक असलेल्या जिल्ह्यांत बीडची गणना होते. त्यातून वाट काढून जी मुलगी एम.टेक. होते तिला घरात पुढे शिकते म्हणून सांगण्यात आणि नोकरी लागली म्हणून सांगण्यात मोठा फरक पडतो. पहिल्या वाक्यावर लग्नाची बोलणी सुरू होतात, दुसऱ्यावर ती थांबू शकतात. स्वीडनमध्ये प्रत्येक अपत्यामागे आईवडिलांना मिळून 480 दिवसांची पालकत्वाची रजा आहे आणि पीएचडी करणाऱ्यालाही ती मिळते; गेलेला काळ मुदतीत वाढवून मिळतो. आपल्या नियमांतही संशोधक स्त्रीला 240 दिवसांपर्यंतची प्रसूती व बालसंगोपन रजा आणि दोन वर्षांची जादा मुदत आहे. नियम चांगला आहे. पण रजेच्या काळात पैसे येत राहतील याची खात्री ज्या स्त्रीला नाही, ती ही रजा घेणार कशी?

स्वीडनलाही दोष आहेत आणि ते सांगायलाच हवेत. पीएचडीनंतरची पोस्टडॉकची नेमणूक तिथे दोन ते तीन वर्षांची, आणि सहसा पीएचडी मिळून तीन वर्षांच्या आत असलेल्यालाच मिळणारी. ती संपली की पुढची कायम जागा मिळेल याची हमी नाही. पस्तिशीतला माणूस पुन्हा शहर बदलतो, पुन्हा घर शोधतो. 2014 मध्ये तिथल्या सरकारने पीएचडी करणाऱ्या परदेशी लोकांना कायम वास्तव्याची वाट सोपी केली होती, आणि जुलै 2021 मध्ये नव्या कायद्याने दीर्घ मुदतीच्या उत्पन्नाची अट घालून ती पुन्हा अवघड केली. तिथे पीएचडीला नव्याने दाखल होणाऱ्यांत तिसऱ्या हिश्शाहून जास्त लोक परदेशी आहेत, अभियांत्रिकीत तर त्याहूनही अधिक. त्यांच्यावर हे ओझे पडले आणि त्यांच्या संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. आवाज उठवायला संघटना होती, कारण ते कर्मचारी होते. म्हणून जाणाऱ्याने स्वीडन म्हणजे कायमचे घर असे गृहीत धरू नये. कसब, प्रकाशित निबंध आणि कामाचा दाखला, हे मात्र त्याच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही.

ज्याला या वाटेने जायचे आहे त्याने काही गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. केवळ बी.ई.वर ही जागा सहसा मिळत नाही. पदव्युत्तर पदवी किंवा तेवढे प्रगत शिक्षण लागते. अंबाजोगाईहून किंवा बीडहून बी.ई. झालेल्या विद्यार्थ्याला त्यासाठी स्वस्त वाट आपल्याच देशात आहे. गेट परीक्षा देऊन आयआयटीत किंवा एनआयटीत एम.टेक. करायचे, तिथे महिन्याला 12,400 रुपये मिळतात. स्वीडनमध्ये एम.एस. करायला जाणाऱ्या भारतीयाला 2011 पासून शुल्क भरावे लागते आणि ते वर्षाला लाख क्रोनरच्याही वर जाते. त्यासाठी शेत गहाण ठेवू नका. पीएचडीच्या आणि पोस्टडॉकच्या जागांना अर्ज करायला पैसे लागत नाहीत, दलाल लागत नाही; जागा मिळवून देतो म्हणून जो पैसे मागेल तो फसवतो आहे असे खुशाल समजा. अर्जात गुणांपेक्षा एम.टेक.चा प्रकल्प नीट मांडा, तुम्ही स्वतः काय केले ते लिहा, आणि ज्या प्राध्यापकाने तुमचे काम जवळून पाहिले आहे त्याचेच नाव द्या. पहिल्या अर्जाला नकार आला तर पुढचा करा; या जागा वर्षभर निघत असतात.

आणि आपल्या राज्याकडे मागायचे ते एवढेच. विद्यापीठांनी अभियांत्रिकीतल्या पीएचडीच्या जागा निम्म्या केल्या तरी चालेल, पण ज्या ठेवाल त्या जाहिरात देऊन, नेमणुकीचे पत्र देऊन, चार वर्षांच्या पगाराची तरतूद आधी करून भरा. परळीचे पाणी आणि रेल्वेखालची काळी माती या दोन विषयांपासून सुरुवात करता येईल. संशोधकांच्या संघटनांनी थकबाकीच्या मागणीबरोबर नेमणूकपत्राची मागणीही निवेदनात पहिल्या ओळीत लिहावी, आणि जिल्ह्यातल्या आमदार-खासदारांनी ती सभागृहात मांडावी.